मन सैरभैर, शरीर बेजार

धांदरट, वेंधळा, विसरभोळा, उतावळा, चळवळ्या, पायाला भिंगरी लागलेला. अशा माणसांसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. प्रत्येक घराण्यात असा एखादा काका किंवा एखादी आत्या असतेच. गाडी सुटायच्या बेतात असताना तिकिटे घरी राहिल्याचे ज्याच्या लक्षात येते तो. दुधाचे पातेले गॅसवर ठेवून शेजारणीशी बोलायला गेलेली ती. दिवाळीत सारे जमले की त्यांच्या गोष्टी निघतात, घर पोट धरून हसते. ते स्वतःही हसतात. हसणाऱ्यांचे हसून होते. पण ज्याच्यावर हसू होते त्याच्या शरीरात वर्षानुवर्षे काय चाललेले असते, त्याविषयी आज थोडे लिहायचे आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. डोंबिवलीत तीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवणारा साधा फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे कोणी मन घेऊन येत नाही. लोक येतात ते पित्त, अर्धशिशी, इसब, कंबरदुखी आणि वाढलेला रक्तदाब घेऊन. पण एकाच माणसाची फाईल वीस वर्षे हाताखालून गेली की तिच्यातून त्याचा स्वभावही वाचता येऊ लागतो.

या विशिष्ट स्वभावाला, तो एका मर्यादेपलीकडे गेला की, वैद्यकशास्त्रात अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर म्हणतात. नाव लांबलचक असल्याने सगळे एडीएचडीच म्हणतात. आपणही तेच म्हणू. हे खूळ अलीकडच्या अमेरिकनांनी काढले, असा एक समज आहे. तो खरा नाही. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्येच, चित्त एका ठिकाणी न ठरणाऱ्या माणसांचे वर्णन करून ठेवले आहे. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. मात्र हा मुलांचा आजार, मिसरूड फुटले की आपोआप जातो, असे डॉक्टरही बराच काळ धरून चालले. १९७० नंतर अमेरिकेत युटाह विद्यापीठाचे पॉल वेंडर यांच्यासारख्यांनी तो मोठेपणीही उरतो हे दाखवायला सुरुवात केली. आज जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा की, शंभर प्रौढांत सुमारे अडीच जणांना तो असतो. म्हणजे गर्दीच्या वेळच्या लोकलच्या एका डब्यात चार-पाच जण तरी असे उभे असणार.

इथे एक खुलासा. चावी कुठे ठेवली हे आठवत नाही, मोबाईल हातात आला की तास निघून जातो, एवढ्यावरून कोणी स्वतःला हे लेबल लावून घेऊ नये. निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, घर आणि कचेरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी संसाराचे, कामाचे खरोखरचे नुकसान होत असावे लागते. विसरणे सर्वांनाच असते. विसरण्यापायी नोकरी जाणे सर्वांना नसते.

माझ्या पेशंटांपैकी एका गृहस्थांची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय त्रेचाळीस, एका कंपनीत विक्री विभागात. हाताच्या कोपरांवर लहानपणापासूनचे इसब, त्यात पित्त, वजन ब्याण्णव किलो आणि रक्तदाब गोळी चालू असूनही चढा. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेने तज्ज्ञांकडे पाठवले आणि तिथे एडीएचडीचे निदान झाले. तो कागद घेऊन सारे घर माझ्याकडे आले. मुलाच्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग मुलाकडे नव्हे, मुलाच्या बापाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डॉक्टर, हा याच्या वयाचा असताना अगदी हुबेहूब असाच होता. आम्ही मात्र ह्याला छडीनं सरळ करायला बघितलं."

आजींचे निरीक्षण शास्त्राला धरून होते. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांवरून असे दिसते की, हा विकार कोणाला होतो आणि कोणाला नाही, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के असतो. उंचीच्या खालोखाल म्हणा ना! मुलाचे निदान झाल्यावर बापाचे होणे, हा आता तज्ज्ञांच्या दवाखान्यात रोजचाच प्रकार आहे. या गृहस्थांचेही तसेच झाले.

त्या दिवशी त्यांच्या पत्नी एक वाक्य बोलून गेल्या. "साहेब ओरडत नाहीत तोवर यांच्या हातून काम होत नाही, आणि ओरडले की दोन दिवस यांच्या पोटात अन्न ठरत नाही." ताण आणि एडीएचडी यांच्या नात्याविषयी इतके नेमके वाक्य मी कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही.

ते नाते असे. मेंदूचा कपाळामागचा भाग हा आपला मुनीम. आधी काय, नंतर काय, कशाला थांबवायचे, हे तो ठरवतो. त्याचे काम नीट चालायला डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही दोन रसायने बेताची लागतात. एडीएचडीत या रसायनांचा व्यवहार ढिला असतो, असे मानायला चांगला आधार आहे. त्या विकाराची बहुतेक औषधे त्यांवरच काम करतात. आता काम गळ्याशी आले, साहेब ओरडले, की शरीर ताणाखाली येते आणि हीच रसायने उसळतात. तेवढ्यापुरता मुनीम जागा होतो. चार दिवस न झालेला अहवाल हे गृहस्थ रात्री अकरा ते तीन या वेळात लिहून काढतात, आणि तो चांगला असतो! म्हणजे ताण हेच त्यांचे घरगुती औषध. प्राप्तिकराचे विवरण शेवटच्या रात्री, विजेचे बिल दंडासह, परीक्षेचा अभ्यास पहाटे. यात आळस कुठेही नाही. आळशी माणूस रात्री तीनपर्यंत जागत नाही.

पण या औषधाची मात्रा मोजता येत नाही. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले आहे की, तीच रसायने ताणामुळे प्रमाणाबाहेर वाढली की कपाळामागचा भाग उलट बंद पडतो आणि कारभार मेंदूच्या जुन्या, भित्र्या भागांकडे जातो. मग माणूस चिडतो, भांडतो किंवा नुसता बसून राहतो. थोडा ताण तारतो, जास्त बुडवतो, आणि मधली पायरी या लोकांना सापडत नाही.

"यांचा ताण मनाचाच खेळ आहे, दुसऱ्यांना नाही का कामे असत?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ मध्ये एडीएचडी असलेल्या प्रौढांची निरोगी माणसांशी तुलना केली. या प्रौढांना वाटणारा ताण पुष्कळ अधिक होताच. पण त्यांच्या आयुष्यातल्या ताणाच्या जागाही प्रत्यक्षात अधिक होत्या. गंमत म्हणजे ताणाचे म्हणून जे संप्रेरक प्रसिद्ध आहे, त्या कॉर्टिसॉलचा दिवसभराचा चढउतार मात्र चारचौघांसारखाच निघाला. याचा अर्थ मी असा लावतो की, या माणसांच्या ग्रंथी बिघडलेल्या नाहीत. त्यांच्यावर दिवसभरात येऊन आदळणाऱ्या गोष्टीच जास्त आहेत. हरवलेले पाकीट, चुकलेली गाडी, विसरलेला वाढदिवस, आणि या प्रत्येकाच्या मागोमाग येणारी बोलणी.

आता दाहाकडे येऊ. इंग्रजीत ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्याला आपल्या पुस्तकांत दाह हा शब्द आहे. बोटात काटा गेला की जागा लाल होते, सुजते, गरम लागते, दुखते. ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगितली. हा दाह उपकारक आहे. त्याच्यावाचून जखम भरणार नाही. पण दाहाची दुसरीही एक जात आहे. ती मंद असते, सर्वांगाला असते, आणि चारांपैकी एकही लक्षण तिच्यात डोळ्यांना दिसत नाही. ती रक्तातच शोधावी लागते. सीआरपी आणि आयएल-६ ही नावे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घराघरांत पाठ झाली होती. कोविडच्या त्या दिवसांत लोक शेअर बाजाराचे आकडे सांगावेत तसे एकमेकांना सीआरपी सांगत. सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लागला. कोविडमध्ये ती गगनाला भिडे. मंद दाहात ती जेमतेम उंबरठा ओलांडते, पण वर्षानुवर्षे तिथेच बसून राहते. हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी तिचा संबंध आता चांगलाच प्रस्थापित आहे.

ताणाने हा दाह वाढतो कसा, हे कोडे काही काळ होते. कारण कॉर्टिसॉल तर दाह शमवणारे! त्याच्या सख्ख्या भावंडाने, कॉर्टिसोनने, संधिवाताचे जखडलेले रुग्ण चालू लागले आणि त्या कामासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक दिले गेले. मग ताणात कॉर्टिसॉल वाढल्यावर दाह कमी व्हायला हवा. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील शेल्डन कोहेन यांनी २०१२ मध्ये याचे एक चांगले उत्तर पुढे ठेवले. २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात त्यांनी सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांच्या आयुष्यात दीर्घकाळ ताण चालू होता, त्यांच्या रक्तपेशी कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा झाल्या होत्या, आणि सर्दीने आजारी पडण्याचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक होते. वर्गात रोज ओरडणाऱ्या मास्तरांचे पोरे ऐकेनाशी होतात, तसेच हे. मास्तरांचा आवाज तेवढाच असतो. पोरांचे कान निबर झालेले असतात. मघाच्या स्वीडिश अभ्यासात कॉर्टिसॉल नेहमीसारखे निघाले म्हणून निर्धास्त का होता येत नाही, हे यावरून लक्षात येईल.

ताण शरीराला किती महागात पडतो हे मोजणारा एक जुना अभ्यास मला फार आवडतो. ओहायोमध्ये १९९५ साली, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम करण्यात आली. सोबत त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या तेरा जणींनाही. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान, पण नऊ दिवस हा आकडा विसरता येत नाही.

मग एडीएचडी हा दाहाचाच आजार आहे का? या प्रश्नावर हल्ली बरेच लिहिले जाते आणि त्यात उत्साह पुराव्यापेक्षा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संशयाला जागा जुनी आहे. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी मेंदूला सूज आणणाऱ्या एका साथीचे वर्णन केले. या 'निद्रारोगा'तून वाचलेली कितीतरी मुले पुढे अतिचंचल, आततायी, आवरता न येणारी झाली. मेंदूचा दाह आणि चंचलता यांची गाठ तेव्हा पहिल्यांदा पडली. पुढे दिसून आले की, एडीएचडी असलेल्यांत दम्याची शक्यता सुमारे दीडपट असते. इसबाचेही असेच काहीसे नाते आहे. डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१७ मध्ये असेही आढळले की, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असे विकार ज्यांना आहेत, त्यांच्यात एडीएचडी थोडा जास्त सापडतो. आणि तापात साधी बेरीज चुकते, हे कोणाला माहीत नाही? पूर्वी काविळीच्या 'सी' प्रकारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. ती शरीरात दाहाची रसायने वाढवत, आणि औषध चालू असेतो अनेकांचा उत्साह, लक्ष, मनाची उभारी सारे मावळत असे.

पण एडीएचडीच्या रुग्णांचे प्रत्यक्ष रक्त तपासले तर चित्र गढूळ होते. आयएल-६ किंचित वाढलेले, तर दाहाचेच दुसरे रसायन, टीएनएफ, उलट कमी. शिवाय अभ्यास बहुतेक लहान, आणि बरेचसे मुलांवरचे. यावरून 'दाहामुळे एडीएचडी' असा बाण काढता येत नाही. उलट दिशेचा बाण मात्र मला दवाखान्यात दिसतो. रात्री तीनपर्यंत जागणे, अवेळी वडापाव, हातात सिगारेट किंवा गालात तंबाखू, व्यायामाचा पास काढून तिसऱ्या दिवशी बंद, गोळी घ्यायचीच विसर. पोटावरची चरबी ही नुसती साठवण नसते. ती स्वतः आयएल-६ तयार करते. आणि २०१६ मध्ये एकत्रित केलेल्या अभ्यासांत एडीएचडी असलेल्या प्रौढांत लठ्ठपणा २८ टक्के आढळला, इतरांत १६. म्हणजे मनाच्या विकाराने दिनक्रम मोडतो, मोडलेल्या दिनक्रमाने ताण आणि दाह वाढतो आणि दमलेल्या, दाहलेल्या शरीरातले मन आणखी सैरभैर होते.

हे सारे कुठवर जाते? ब्रिटनमध्ये २०२५ च्या जानेवारीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडीचे निदान झालेल्या तीस हजार प्रौढांच्या नोंदींवरून काढलेले त्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा पुरुषांत सुमारे पावणेसात वर्षांनी आणि स्त्रियांत साडेआठ वर्षांहून अधिक काळाने कमी निघाले. निदानापर्यंत पोचलेले लोक बहुधा जास्त त्रासातले असतात, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाला लागू करू नये. यात दाहाचा वाटा किती, अपघातांचा, तंबाखूचा, आत्महत्यांचा किती, हेही त्या आकड्यात वेगळे काढलेले नाही. पण 'जरा धांदरट आहे, एवढंच' म्हणणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

त्यात स्त्रियांचा आकडा मोठा आहे, याचे मला नवल वाटले नाही. विसरभोळा पुरुष हा विनोदाचा विषय होतो. विसरभोळ्या प्राध्यापकांवर तर मराठीत पोत्याने किस्से असतील. विसरभोळ्या बाईवर किस्से नाहीत. तिला "लक्ष कुठे असतं गं तुझं?" एवढेच ऐकावे लागते, सकाळच्या दुधापासून रात्रीच्या विरजणापर्यंत. मुलींमध्ये चळवळेपणा बहुधा कमी आणि हरवलेपण जास्त असते. त्या वर्गात दंगा करत नाहीत, म्हणून कोणी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवत नाही. माझ्याकडे येणारी एक शिक्षिका घरातल्या प्रत्येक कामाची चिठ्ठी करते, चिठ्ठ्यांची वही करते आणि वही हरवू नये म्हणून ती गळ्यातल्या पिशवीत घेऊन हिंडते. बाहेरून पाहणाऱ्याला ती अत्यंत टापटीप वाटेल. तिची अर्धशिशी महिन्यातून सहा वेळा उठते.

त्या गृहस्थांच्या पत्नीने मला विचारले होते, "मग यांची सीआरपी करून घेऊ का?" मी म्हटले, त्यापेक्षा टेप घ्या आणि कंबर मोजा, ते फुकट आहे. एडीएचडीसाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. दाह कमी करणारी म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि कॅप्सूल यांविषयी तर दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. माशाच्या तेलावर पुष्कळ आशा होती. मुलांवरील सगळे चांगले अभ्यास गोळा करून कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, तर लक्ष लागण्यात किंवा चळवळेपणात फरक दिसला नाही. हळदीचा अभिमान आपल्या सर्वांना आहे. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले, तेव्हा मीही पेढे वाटले होते. पण हळदीच्या कॅप्सूलने प्रौढाचे चित्त ठिकाणावर येते असा पुरावा नाही. भाजीत घाला, दुधात घाला. महिन्याला दोन हजारांच्या बाटल्या मात्र आणू नका.

खात्रीचे उपाय कंटाळवाणे आहेत. मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधे मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच घ्यायची. ती नाडी आणि रक्तदाब थोडा वाढवतात, म्हणून ते मोजत राहायचे. ही धास्ती रास्त आहे. पण स्वीडनमध्ये सुमारे दीड लाख रुग्णांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये असे दिसले की, निदानानंतर औषध सुरू केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी होते. दुसरे, झोप. या लोकांपैकी अनेकांचे शरीर-घड्याळच दीडेक तास मागे असते. बारा वाजले तरी डोळा लागत नाही तो हट्टाने नव्हे. सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात, रात्री दिवे आणि पडदे मंद, आणि सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. तिसरे, तंबाखू. निकोटिन लक्ष एकवटायला क्षणभर मदत करते, म्हणूनच या माणसांना ती सोडणे इतरांहून जड जाते. त्यांना नुसते रागावू नये, मदत द्यावी. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ लाखाला एकही पडत नाही. जवळपास कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

चौथा उपाय घरच्यांच्या हातात आहे आणि तोच सर्वांत अवघड. घरातून येणारा ताण कमी करणे. चाव्यांसाठी दाराशी एकच खिळा, वीजबिल बँकेतून परस्पर, औषध दात घासायच्या ब्रशापाशी, आणि 'सांगितलं होतं ना!' हे वाक्य घरातून हद्दपार. त्या गृहस्थांच्या आजारी फाईलपेक्षा हे वाक्य जुने होते. आजींनी ते मोडायला घेतले तेव्हा, सूनबाई सांगतात, पहिले आठ दिवस त्या तोंडावर पदर धरून बसत.

याला आता दीड वर्ष झाले. गृहस्थांना औषध चालू आहे. वजन सात किलोने उतरले, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली, सिगारेट दोनदा सोडून तिसऱ्यांदा सोडणे चालू आहे. झोप अजून साडेबारालाच, पण ती रोज साडेबाराला. पित्ताची तक्रार त्यांनी शेवटची कधी केली ते मला फाईल उघडून पाहावे लागले. कोपरावरचे इसब मात्र जिथल्या तिथे आहे. पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात उतरते.